अंधाऱ्या कोपऱ्यातला पाम

‘चाकणच्या कंपनीत रिसेप्शनला खिडकीसुद्धा नाही, तरी तिथला अरेका पाम वर्षभर हिरवागार असतो. मग आमच्या हॉलमध्ये का नाही जगणार?’ वाकड, रावेत, मोशीच्या फ्लॅटमधून हा प्रश्न थांबता थांबत नाही. अहो, वर्षभर दिसतो तो बहुतेक वेळा एकच पाम नसतो! अनेक कंपन्या कुंड्या भाड्याने घेतात. ठेकेदाराचा टेम्पो येतो, मलूल झालेल्या कुंड्या नर्सरीत शेडनेटखाली परत नेतो आणि ताज्या ठेवून जातो.

घरी अशी अदलाबदल होत नाही. तरीही अंधाऱ्या कोपऱ्यात पाम काही आठवडे, कधी महिनेही टवटवीत दिसतो आणि तिथेच गैरसमज पक्का होतो. तेवढे दिवस तो नर्सरीत साठवलेल्या अन्नावर काढतो. झाडाचं श्वसन दिवसरात्र चालतं, अन्न मात्र उजेडातच तयार होतं. कमाई खर्चाला पुरेनाशी झाली की नवा कोंब थांबतो, खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात. मग लोक पाणी वाढवतात. कमी उजेडात झाड पाणी कमीच ओढतं. माती ओली राहते, मुळं कुजतात आणि दोष नर्सरीवाल्यावर.

‘दिवसभर ट्यूबलाइट असते की!’ भर उन्हात सुमारे 1,00,000 लक्स उजेड असतो. ऑफिसच्या टेबलावर 300 ते 500 आणि घरच्या ट्यूबखाली बहुधा त्याहून कमी. डोळा स्वतःला जुळवून घेतो, म्हणून फरक जाणवत नाही. मोबाइलवरच्या लक्स ॲपने खिडकीशी आणि सोफ्यामागे मोजून पाहा. अंदाज येण्याइतकं ते नक्की सांगतं.

अरेका मादागास्करचा, त्याला लख्ख उजेड हवा. चामेडोरिया पाम मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो, रॅपिस पामही सावली सोसतो. पण खिडकी त्यांनाही लागते.

पाम हवा शुद्ध करतो? नासाचा 1989चा अहवाल बंद पेट्यांतल्या प्रयोगांचा होता. संशोधक कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचा हिशेब मांडला: वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. अरेका रात्री ऑक्सिजन देतो, हेही खोटं. आणि मलूल पाम एकदम गच्चीवरच्या उन्हात नेलात, तर पानं भाजतील.

पाम खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत ठेवा. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्या. खिडकीच नसेल तर रोज दहा-बारा तास ग्रो लाइट लावा. तेही जमणार नसेल, तर अरेका विकत घेऊ नका.