संगणकशास्त्राचा अधिव्याख्याता : त्याचा दिवस व त्याचे काम

वकील, वैद्य, व्यापारी किंवा शाळामास्तर यांचा दिवस कसा जातो, हे आपल्या समाजात लहानथोर सर्वांस ठाऊक असते. परंतु कॉलेजात किंवा विद्यापीठात संगणकशास्त्र शिकविणारा मनुष्य दिवसभर काय करतो, असे विचारल्यास त्याच्या घरची मंडळीसुद्धा सहसा एवढेच सांगतात की, तो कॉम्प्युटरवर असतो. म्हणूनच कोणाचा प्रिंटर अडला, कोणाच्या दुकानाचा हिशेब यंत्रात बसेना, की हक्काने त्यालाच बोलावणे जाते. तोही बिचारा जातो व जमेल ते करून देतो. मात्र यंत्र दुरुस्त करणे हा त्याचा व्यवसाय नव्हे. त्याचा खरा व्यवसाय कोणता, आणि आपल्या बऱ्हाणपुरासारख्या गावाला त्याची गरज का आहे, हे सभासद बंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडण्याचा येथे विचार आहे.

'अधिव्याख्याता' हा शब्द जुन्या पिढीच्या परिचयाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांपासून या पदास 'सहायक प्राध्यापक' म्हणतात. काम मात्र तेच राहिले. या जागेसाठी सर्वसाधारणपणे पदव्युत्तर परीक्षेत निदान ५५ टक्के गुण असावे लागतात, आणि त्यावर नेट किंवा राज्याची सेट परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, अथवा पीएच. डी. मिळवावी लागते. नेट परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न सोडवावयाचे असतात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत असे घातले आहे की, शिक्षकाने वर्षातील ३० आठवडे, आठवड्यास निदान ४० तास काम करावे व त्यांपैकी सहायक प्राध्यापकाने १६ तास प्रत्यक्ष शिकवावे. १६ तासांचा आकडा ऐकून पुष्कळांस ही नोकरी आरामाची वाटते. उरलेले २४ तास कोठे जातात, हे त्याच्या दिवसाकडे पाहिल्यावर कळेल.

सकाळचा तास फळ्यावरचा असतो. नवख्यास आश्चर्य वाटेल, पण संगणकशास्त्राचे पुष्कळसे शिक्षण यंत्राला हात न लावता होते. एक उदाहरण घेऊ. आपल्या ट्रस्टच्या देणगीदारांची १,००० नावांची अकारविल्हे यादी आहे, आणि तीत एक नाव शोधावयाचे आहे. पहिल्यापासून एकेक नाव पाहत गेल्यास नशीब वाईट असेल तर सर्व १,००० नावे पाहावी लागतील. त्याऐवजी यादीच्या बरोबर मधले नाव पाहावे. हवे असलेले नाव त्याच्या आधी येत असेल तर पुढचा अर्धा भाग सोडून द्यावा, नंतर येत असेल तर आधीचा सोडावा. आणि उरलेल्या भागाचे पुन्हा तसेच करावे. या रीतीने १,००० नावांत फार तर १० वेळा पाहावे लागते. नावे एक लाख असली तर १७ वेळा, आणि दहा लाख असली तर अवघे २० वेळा.

रीत सोपी आहे, पण ती यंत्राला बिनचूक सांगणे सोपे नाही. अमेरिकेतील जॉन बेंटली या संगणकतज्ज्ञाने हीच रीत अनुभवी प्रोग्रामरांकडून लिहून घेतली, तेव्हा बहुतेकांच्या लिखाणात चूक निघाली. पुढे २००६ साली जोशुआ ब्लॉक या दुसऱ्या तज्ज्ञाने जाहीर केले की, जावा या भाषेबरोबर जगभर दिल्या गेलेल्या तयार प्रोग्रामात सुमारे ९ वर्षे एक चूक दडून राहिली होती. मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिचे निम्मे करतात. यंत्रातील आकड्याच्या त्या खणात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादी फार मोठी झाली की बेरीज त्यापलीकडे जाई व आकडा एकदम ऋण होई. जाणत्यांच्याही हातून असे घडते, म्हणून अधिव्याख्याता तोच धडा दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याइतक्याच काळजीने शिकवितो.

दुपारी प्रयोगशाळा. वीसपंचवीस मुलांची तुकडी, दोन तासांचा वेळ, आणि मध्येच वीज गेली तर बॅटरी टिकेल तेवढा धीर. एखादे विरामचिन्ह राहिले, शब्दाचे स्पेलिंग चुकले, तर यंत्र ओळीच्या क्रमांकासह तक्रार करते. तेथे शिक्षकाची फारशी जरुरी नसते. खरे काम निराळेच आहे. १ पासून १० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करण्यास सांगितले. उत्तर ५५ यावयास हवे, पण मुलाच्या यंत्रावर ४५ आले. यंत्राची काहीच तक्रार नाही. त्याला जे सांगितले ते त्याने इमानाने केले. अशा वेळी चांगला शिक्षक चूक दाखवून मोकळा होत नाही. तो मुलाशेजारी बसतो, कागदावर दोन रकाने पाडावयास लावतो, आणि यंत्राप्रमाणे एकेक पायरी हाताने करून घेतो. नवव्या पायरीनंतर काम थांबलेले पाहून मुलाच्या आपसूक ध्यानात येते की, 'दहा किंवा त्याहून लहान' असे लिहावयाचे तेथे आपण 'दहाहून लहान' एवढेच लिहिले. यास दहापंधरा मिनिटे लागतात. तुकडीतील प्रत्येकाची चूक वेगळी, म्हणून प्रत्येकाशेजारी निराळे बसावे लागते. त्या २४ तासांतील पुष्कळसे तास असे जातात, आणि ते कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न येतो. आपल्याकडील मुलाच्या घरी मराठी, शाळेत हिंदी, शेजारी उर्दू व निमाडी, आणि कॉलेजचे पुस्तक इंग्रजी. वर सांगितलेली चूक पुष्कळदा गणिताची नसून भाषेची असते. 'दहा तारखेपर्यंत वर्गणी भरावी' असे आपण म्हणतो, तेव्हा दहा तारीख त्यात धरावयाची की नाही, हे ऐकणारा समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. ही गोष्ट मुलाला त्याच्याच बोलीत सांगितली तर एका वाक्यात पटते. केवळ इंग्रजीत सांगितली तर तो नुसती मान हालवितो. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास वाट करून दिली, ही चांगली गोष्ट झाली. तथापि पुस्तके निघेपर्यंत आणि निघाल्यावरही, मुलाची बोली जाणणारा शिक्षक हेच खरे साधन होय.

यंत्रमागाच्या गावात वाढलेल्या मुलाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. फ्रान्समधील जकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग सिद्ध केला. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे नाही. 'आहे' आणि 'नाही' एवढ्या दोनच खुणांत अवघी नक्षी मांडलेली. हीच कल्पना इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्राने एक अवघड गणित कसे करावे याच्या पायऱ्या लिहून प्रसिद्ध केल्या. अमेरिकेची १८९० ची खानेसुमारीही भोके पाडलेल्या पत्त्यांवरच मोजली गेली. मागावर बसणाऱ्याच्या मुलाला हा इतिहास सांगणारा शिक्षक मिळाला तर त्याची निम्मी भीती तेथेच जाते.

संध्याकाळी घरी आल्यावर दुसरा दिवस सुरू होतो. उद्याच्या तासाची तयारी, प्रश्नपत्रिका, अंतर्गत गुणांचे तक्ते, उत्तरपत्रिकांची तपासणी. शिवाय प्रवेशाचे, मूल्यांकनाचे व नाना प्रकारचे कागद. या विषयाची आणखी एक अडचण अशी की, तो स्थिर राहत नाही. फोरट्रान १९५७ ची, सी १९७२ च्या सुमाराची, पायथन १९९१ ची, जावा १९९५ ची. ज्या भाषेत तो स्वतः शिकला ती भाषा त्याच्या मुलांच्या उपयोगाची राहत नाही; म्हणून शिक्षकालाच विद्यार्थी होऊन बसावे लागते. यादीत नाव शोधण्याची ती रीत मात्र या सर्व भाषांत तीच आहे. काय बदलते व काय टिकते, याची पारख मुलांना करून देणे हाही त्याच्या कामाचा भाग आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून नवाच पेच पडला आहे. मुलाने प्रश्न टाकावा आणि यंत्राने प्रोग्राम लिहून द्यावा. मग शिक्षक कशाला, असे काही पालक विचारतात. पण लिहून मिळालेला प्रोग्राम बरोबर आहे की नाही, हे ठरविणार कोण? ४५ व ५५ यांतला फरक ज्याला स्वतः ओळखता येत नाही, त्याला यंत्र काय देते हेही कळणार नाही. म्हणून जाणते शिक्षक आता वही पाहून थांबत नाहीत; समोर बसवून विचारतात की, ही ओळ येथे का आहे, आणि काढली तर काय होईल. या तोंडी परीक्षेस वेळ अधिक लागतो, पण तिच्यावाचून आता गत्यंतर नाही.

अशा शिक्षकाच्या हातून किती मोठे काम होते, याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. प्रा. दीपक फाटक यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण इंदूरच्या गोविंदराम सेक्सरिया संस्थेत झाले. ते पुढे मुंबईच्या आयआयटीत गेले आणि १९७१ पासून तेथेच त्यांनी आपले आयुष्य अध्यापनास दिले. त्यांनी देशभरच्या कॉलेजांतील हजारो शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने शिकविण्याचा उपक्रम उभा केला, कारण एक शिक्षक सुधारला की दरवर्षी त्याचा सबंध वर्ग सुधारतो. २०१३ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरांतील हुशार मुले संगणक शिकतात आणि पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत जातात. त्यांनी जावे, त्यात घराचे कल्याण आहे. परंतु शिकविण्याकडे कोणी वळत नाही, याचे कारणही उघड आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये ठरले. पण कायम जागा थोड्या, आणि त्या निघेपर्यंत वाट पाहणे भाग. मध्य प्रदेशात रिकाम्या जागांवर 'अतिथी विद्वान' नेमण्याची रीत आहे, आणि त्यांचे मानधन दीर्घकाळ दिवसाच्या हिशेबानेच मोजले गेले. पंचविशी उलटलेल्या मुलाने किंवा मुलीने अशा भरवशावर किती वर्षे काढावीत? घरची मंडळी अधीर होतात, आणि शिकविण्याची खरी आवड असलेले मूलही कंपनीची वाट धरते. मग गावातील पुढच्या मुलांच्या शेजारी बसून ते दोन रकाने पाडून घेणार कोण?

म्हणून या महोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे. आपली शिष्यवृत्ती बहुधा पदवीपाशी थांबते. इंदुरास किंवा जळगावास जाऊन संगणकशास्त्रात एम. एस्सी. अथवा एम. सी. ए. करणाऱ्या, व शिकविण्याचा निश्चय केलेल्या निदान एका मुलाला वा मुलीला दरवर्षी साहाय्य द्यावे. नेट व सेटचे शुल्क व पुस्तके यांची सोय करावी, आणि निकालापर्यंतच्या दोन वर्षांत त्या घराला धीर द्यावा. त्याच्या बदल्यात त्या विद्यार्थ्याने रविवारी दोन तास आपल्या सभागृहात आठवी ते बारावीच्या मुलांना त्यांच्या भाषेत हा विषय शिकवावा. यंत्रे त्यासाठी थोडी असली तरी चालतील. फळा व खडू आपल्याकडे आहेतच.