प्ले स्कूल काढायचंय? मग आधी पालक बनून पाच शाळा बघून या



"सर, तळमजला रिकामाच आहे, मिसेसचं डी.एड. झालंय, प्ले स्कूल काढू का?" दर बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोक्यात चित्र तयार असतं. भिंतीवर मिकी माउस, दारात घसरगुंडी आणि दुपारी एक वाजता सुट्टी. धंदा सोपा वाटतो, कारण आपण त्याच्याकडे मालकाच्या खुर्चीतून बघतो. तुमचं गिऱ्हाईक मात्र वेगळंच आहे. ते तीन वर्षांचं आहे, त्याला अजून चड्डीचं बटण लावता येत नाही, आणि त्याचे पैसे भरणारी आई दाराबाहेर उभी राहून आतलं रडणं ऐकते आहे.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. बोर्ड रंगवायच्या आधी, टोकन द्यायच्या आधी, आपल्या परिसरातल्या पाच बालवाड्या पालक म्हणून बघा. घरात भाचा-पुतण्या असेल तर त्याला घेऊन जा. चांगली बालवाडी निवडताना पालकाने जे बघायला हवं, तेच उद्या तुम्हाला विकायचं आहे.

पहिली नजर संडासावर

हसू नका. रंगीत भिंत सगळेच दाखवतात. तुम्ही विचारा, "बाथरूम कुठे आहे?" भांडं लहान मुलाच्या उंचीचं आहे का, नळापर्यंत हात पोचतो का, जमीन ओली आहे का, आतून लागणारी कडी लहान मूल चुकून लावून घेईल अशी तर नाही ना? आणि मग सरळ प्रश्न करा: "बाळाला शी झाली तर कोण धुतं?" ज्या शाळेत या प्रश्नाचं उत्तर एका दमात, मावशीच्या नावासकट मिळतं, ती शाळा चांगली चालते असं खुशाल समजा. जिथे मॅडम एकमेकींकडे बघतात, तिथून पुढे चला.

मावशी हा या धंद्याचा कणा आहे आणि नेमकं तिथेच आपण पैसे वाचवायला जातो. आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी तालुक्याच्या गावी प्ले स्कूल काढलं. त्यासाठी सोनं गहाण ठेवलं. फर्निचर नवं, युनिफॉर्म झकास, पण मावशींना पगार इतका कमी की वर्षात तीन बदलल्या. दर वेळी नवा चेहरा आला की चार-पाच मुलं पुन्हा रडायला लागायची. दुसऱ्या वर्षी पालकांनी शाळा बदलली आणि कारण विचारल्यावर एकानेही फर्निचरचा विषय काढला नाही. "आमची जुनी मावशी नाही ना आता," एवढंच म्हणाले. ताईंनी मग घसरगुंडीचा दुसरा सेट रद्द करून मावशीचा पगार वाढवला. आज तीच मावशी गावात शाळेची जाहिरात आहे.

दुसरं बघायचं ते दार. सुट्टीच्या वेळी दहा मिनिटं समोर उभे राहा. मूल कोणाच्या हातात दिलं जातं? ओळखपत्र किंवा फोटो तपासतात, की "मी काका" म्हटलं की सोडतात? माणसं कामावर घेताना पोलीस पडताळणी केली आहे का, हे पालक म्हणून विचारायला लाजू नका. उद्या मालक झालात की हेच तुम्हाला विचारलं जाणार आहे. मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. असा प्रकार कळूनही न कळवणं हा त्यात गुन्हा आहे, मग तुम्ही मालक असा नाहीतर शिक्षिका. "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून गप्प बसायची सोय कायद्याने ठेवलेली नाही, आणि ती नसावीच.

डबा कुठे खातात, पाणी कुठलं, अंगावर पडेल असं कपाट भिंतीला पक्कं आहे का, खालच्या उंचीवरच्या प्लगला झाकण आहे का, हे पाच मिनिटांत दिसतं. मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे दिले जात असतील तर तेवढं जरूर टिपून ठेवा. या वयात ते श्वासनलिकेत अडकतात.

किती मुलांमागे एक बाई?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढलेली आहेत. त्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि सोबत एक मदतनीस असं प्रमाण आहे, आणि तीन वर्षांखालचं मूल प्ले स्कूलमध्ये घेऊ नये असंही म्हटलं आहे. शाळा बघताना ऑफिसातला आकडा विचारू नका, वर्गात जाऊन स्वतः डोकी मोजा. माहितीपत्रकावर पंधरा आणि सतरंजीवर बत्तीस, हे नेहमीचं आहे.

वयाबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण पुढची भांडणं इथूनच सुरू होतात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे, म्हणजे २०२० च्या, तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा आहे आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्रात वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर धरली जाते. आता तुम्ही जागा भरायच्या नादात सव्वादोन वर्षांचं मूल नर्सरीत घेतलंत. पालक खूश, तुमची फी आली. तीन वर्षांनी मोठ्या शिशुवर्गाचा निरोपसमारंभ झाला, मुलाने टोपी घालून फोटोही काढला, आणि पहिलीच्या शाळेने सांगितलं, "वय बसत नाही." पालक परत कोणाकडे येणार? तुमच्याकडेच. एक वर्ष पुन्हा त्याच वर्गात बसवायचं आणि फी कोणी भरायची, यावर वाद. सव्वादोन वर्षांच्या मुलाला सांभाळायचं असेल तर ते पाळणाघराचं काम आहे. त्याची माणसं वेगळी, वेळ वेगळी, हिशोबही वेगळा.

"सर, पालकांना इंग्लिशच पाहिजे"

पाहिजे, मान्य. पण पालकाला खरं तर काय पाहिजे असतं? आपलं मूल मागे पडू नये. त्याचा पुरावा म्हणून तो वही बघतो. वहीत ए ते झेड दिसलं की त्याला पैसे वसूल वाटतात. म्हणून बऱ्याच शाळा तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबतात. त्या बोटांत अजून ताकदच आलेली नसते. मातीचे गोळे वळणं, चिंचोके वेचणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, यातून बोटं तयार होतात आणि मग पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. सरकारचा २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडाही हेच म्हणतो. आधी खेळ, गोष्टी, गाणी, आणि भाषा शक्यतो घरची.

आपल्याकडे हे नवीनही नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र सुरू केलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून आजूबाजूला मिळणारे शंख-शिंपले, बिया, पानं यांचीच साधनं झाली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम करताना लक्षात आलं की आदिवासी मुलं गुरं चारायला जातात, शाळेत येतच नाहीत. तर शाळाच कुरणात नेली. उद्योजक म्हणून हे दोनदा वाचा. गिऱ्हाईक येत नाही म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाला नावं ठेवली नाहीत.

मग वही मागणाऱ्या पालकाचं काय करायचं? त्याला उपदेश करू नका. महिन्यातून एका शनिवारी त्याला सतरंजीवर बसवा आणि मूल काय करतं ते दाखवा. जूनमध्ये मणी ओवता येत नव्हते, आज बारा ओवले. जूनमध्ये तोंड उघडत नव्हतं, आज मराठीत सलग गोष्ट सांगितली आणि मध्ये दोन इंग्रजी गाणीही म्हटली. गाणी-खेळातून इंग्रजी कानावर पडू द्या, त्याला कोणाची ना नाही. पण ज्या मुलाला "बाई, सू लागली" हे घरच्या भाषेत सांगायचीही चोरी आहे, ती शाळा पालक म्हणून मी तरी निवडणार नाही.

शाळा बघताना आणखी एक विचारा. पहिल्या आठवड्यात आईला आत बसू देता का? चांगल्या ठिकाणी सुरुवातीचे दिवस तास-दीड तासच ठेवतात, आई कोपऱ्यात बसते, मग दाराबाहेर, मग घरी. "पालकांनी गेटवरच सोडायचं, दोन दिवस रडेल आणि गप्प होईल" असं सांगणाऱ्या शाळेत मूल गप्प होतंही. पण गप्प होणं आणि रुळणं यात फरक आहे, आणि आईला तो घरी रात्री कळतो.

आता वही-पेन घ्या

पाच शाळा बघून मन पक्कं झालं असेल तर हिशोब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. समजा भाडं महिना २५,००० रुपये, दोन शिक्षिका प्रत्येकी १२,०००, दोन मावशी प्रत्येकी ८,०००, वीज-साहित्य-किरकोळ ७,०००. महिन्याला ७२,००० झाले, वर्षाचे ८,६४,०००. बारा महिने धरायचे, दहा नाही. मे महिन्यात मुलं येत नाहीत, घरमालक येतो. फी वर्षाला २४,००० असेल तर ३६ मुलांवर खर्च निघतो. यात तुमचा स्वतःचा पगार नाही.

आता हीच शाळा फ्रँचायझी घेऊन काढली आणि रॉयल्टी समजा फीच्या २० टक्के. मुलामागे ४,८०० गेले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अजून ८६४. पूर्वप्राथमिक शिक्षणाची फी जीएसटीमुक्त आहे, त्यामुळे हा भरलेला जीएसटी तुम्हाला कुठेही वळता करून घेता येत नाही. तो खिशातूनच जातो. हातात मुलामागे १८,३३६ उरले. आता खर्च निघायला ४८ मुलं लागतात. पण ४८ मुलांना दोन शिक्षिका पुरत नाहीत, तिसरी घ्यावी लागते, आणि मग आकडा ५५ वर जातो. सुरुवातीला भरलेली फ्रँचायझी फी आणि कंपनीकडूनच घ्यायचं सक्तीचं साहित्य अजून धरलेलंच नाही.

म्हणजे ब्रँड वाईट असं नाही. शहरात, नव्या सोसायट्यांच्या भागात, जिथे कोणी कोणाला ओळखत नाही, तिथे नावाचा उपयोग होतो. पण ज्या गावात लोक तुमच्या आईला नावाने ओळखतात, तिथे ओळखीसाठी १९ मुलं जास्त आणायची, हे गणित मला पटत नाही. करार वाचताना एवढं बघा: किती वर्षांचा, किमान रॉयल्टी ठरलेली आहे का, शेजारच्या गल्लीत दुसरी शाखा द्यायची नाही असं लिहिलंय का, आणि करार संपल्यावर त्याच जागेत स्वतःच्या नावाने शाळा चालवता येईल का. शेवटचं कलम बहुतेक जण वाचतच नाहीत.

आणि अंगणवाडीला कमी लेखू नका. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली ही सोय मोफत आहे, पोषण आहार आहे, लसीकरणाची आठवण आहे. तुमच्या वस्तीतली अंगणवाडी चांगली चालत असेल तर पालकाने महिन्याला दोन हजार तुम्हाला का द्यायचे, याचं उत्तर "इंग्लिश मीडियम" एवढंच असेल तर ते फार दिवस टिकणार नाही. वेळ जास्त, वर्ग लहान, नोकरी करणाऱ्या आईसाठी दुपारची सोय, असं काहीतरी ठोस लागेल.

नोंदणीचं थोडक्यात: महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांची ऑनलाइन नोंदणी सुरू केली आहे. जागा ठरवायच्या आधी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन सध्या कोणते कागद लागतात ते लिहून घ्या. राहत्या सोसायटीत शाळा काढणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्या. शेजाऱ्यांची तक्रार दाखले भरल्यानंतरच येते.

बऱ्याच ठिकाणी पुढच्या वर्षाची चौकशी दिवाळीनंतर सुरू होते, तेव्हा या पाच भेटी त्याआधीच उरका. प्रत्येक शाळेची फी, वर्गात मोजलेली मुलं, शिक्षिका आणि मावशी एका कागदावर लिहा. शेजारी वरचं गणित तुमच्या भाड्याने मांडा. भाडेकराराचं टोकन त्यानंतर.