उशिरापेक्षा न आलेलं बरं

पुण्यातली आजी लंडनमधल्या नातवाला नेटवरून फोन लावते आणि विचारते, "जेवलास का रे?" नातवाला प्रश्न नीट ऐकू येतो, तो "हो, आत्ताच" म्हणतो. यात विशेष काय? विशेष हे, की रेंज जराशी डळमळीत असेल तर त्या तीन शब्दांतला एखादा बारीक तुकडा आजीच्या तोंडून आलेलाच नसतो! आजीचा तुकडा वाटेत हरवला आणि नातवाच्या फोनने तिथल्या तिथे नवा घडवला, तिच्याच आवाजात, तिच्याच सुरात. सांधा कुठे आहे ते कानाला कळलंसुद्धा नाही. ही कारागिरी दिवसभर चालू असते. आपलं लक्ष जातं ते ती फसली की मगच: "अगं, आवाज तुटतोय!"

हे साधतं तरी कसं?

"जेवलास का रे" म्हणायला साधारण पाऊण सेकंद लागतो असं धरू. फोन त्या पाऊण सेकंदाचे २०-२० मिलिसेकंदांचे काप करतो. म्हणजे सदतीस-अडतीस काप, सेकंदाला ५० या गतीने. एका कापात पूर्ण अक्षरही मावत नाही. 'ला'मधल्या आकाराची चारेक कंपनं, बस. हा एवढासा तुकडा पुढे हजारो किलोमीटर एकट्याने जाणार आहे.

पण त्या तुकड्यात भरायचं काय? जुन्या डिजिटल टेलिफोनने सरळ मार्ग धरला होता: आवाजाची लहर सेकंदाला ८,००० वेळा मोजा आणि प्रत्येक माप पाठवा. त्यासाठी सेकंदाला ६४,००० बिट लागतात. मग एक विलक्षण कल्पना आली. लहर पाठवायचीच कशाला? ती ज्या गळ्यातून आणि तोंडातून निघाली त्यांचा त्या क्षणीचा आकार कळवा, स्वरयंत्राने त्यात हवा कशी घुमवली ते कळवा, आणि पलीकडच्या यंत्राला तो आवाज पुन्हा काढू द्या. जीभ कितीही चुरूचुरू चालली तरी २० मिलिसेकंदांत तिची जागा फारशी बदलत नाही, म्हणून प्रत्येक कापाला मोजक्या आकड्यांत काम भागतं. कानपूरला जन्मलेले बिष्णू अटल यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६०च्या दशकात हे गणित उभं केलं. जपानमध्ये फुमितादा इताकुरा त्याच सुमारास त्याच वाटेने चालले होते. १९८५ साली अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी त्याचं जे सुधारित रूप मांडलं, त्यात एका सेकंदाच्या बोलण्यावर काम करायला त्या काळच्या क्रे महासंगणकाला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. आज त्याच कुळातलं गणित तुमच्या खिशातला फोन तुमच्याशी बोलता बोलता करतो, तेही दोन्ही दिशांनी!

आता आजीचा काप साठेक बाइटांचा झाला. त्यावर पत्ता, क्रमांक आणि वेळेचा शिक्का मारायला आणखी ४० बाइट लागतात. मजकुराच्या दोन-तृतीयांश वजन नुसत्या पत्त्याचं! असं हे पॅकेट मुंबईच्या किनाऱ्यावर पोचतं आणि समुद्राखालच्या केबलमध्ये शिरतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. लंडनपर्यंतची केबल दहा हजार किलोमीटरची धरली तर ५० मिलिसेकंदांत पलीकडे. या केबलमधून यापेक्षा लवकर कोणीही पोचवू शकणार नाही, कारण तिथे निसर्गाचीच मर्यादा आहे.

वाटेत मात्र राउटरमागून राउटर लागतात आणि प्रत्येकापाशी रांग असते. कधी रांग रिकामी, कधी भरलेली, कधी इतकी भरलेली की नव्या पॅकेटला सरळ टाकून दिलं जातं. इंटरनेट कोणालाच शब्द देत नाही. पॅकेट पोचेल, वेळेत पोचेल, क्रमाने पोचेल, यातलं काहीही कबूल केलेलं नाही. अशा बेभरवशाच्या जाळ्यावरून माणसांनी गप्पा माराव्यात ही कल्पनाच मुळात केवढी धाडसाची!

हे धाडस १९७४ साली केलं गेलं. इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवरून कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेने मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन लॅबोरेटरीशी पॅकेटांतून बोलणं पाठवलं. त्या प्रयोगांत डॅनी कोहेन पुढे होते, आणि त्यांनी आग्रहाने मांडलेला मुद्दा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. तेव्हाचे अभियंते हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्याची व्यवस्था करण्यात गुंतले होते. फाइल पाठवायची तर एकही बाइट गहाळ होऊन चालत नाही, हे खरंच. कोहेन म्हणत होते, बोलण्याचं तसं नाही. 'लास'मधला तुकडा हरवला आणि तो परत मागवून आणेपर्यंत आजी पुढच्या वाक्यावर गेलेली असते. मंगलाष्टकं संपून हार घातले गेल्यावर आणलेल्या अक्षता कुठे टाकायच्या?

हा आग्रह वाया गेला नाही. हरवलेलं परत मागवण्याचं काम आणि नुसतं पत्त्यावर पोचवण्याचं काम १९७८च्या सुमारास वेगळं केलं गेलं, आणि १९८० साली यूडीपी नावाचा नियम आला. टाका पॅकेट आणि विसरा, एवढंच तो सांगतो. त्याचा मूळ दस्तऐवज अवघा तीन पानांचा आहे! जिवंत संभाषण नेणारे बहुतेक कॉल आजही याच तीन पानांवर उभे आहेत.

टाकून देणं जमलं. पण जी पॅकेटं पोचतात तीही मागेपुढे पोचतात. एक ६० मिलिसेकंदांत, पुढचं ९०, त्यापुढचं ५५. आली तशी वाजवली तर बोलण्याचा चुराडा होईल. म्हणून नातवाचा फोन आलेली पॅकेटं थोडी थोपवतो, क्रमाने लावतो आणि मग समान अंतराने वाजवतो. किती थोपवायचं? कमी थोपवलं तर उशिराचे तुकडे हुकतात, जास्त थोपवलं तर संभाषण रेंगाळतं. जाळ्याची अवस्था क्षणाक्षणाला बदलते, म्हणून फोनला हा साठा बोलणं चालू असतानाच वाढवावा-घटवावा लागतो.

आणि इथे खरी जादू आहे. साठा संपत आला की फोन आजीचं बोलणं किंचित लांबवतो, साठा फुगला की किंचित आखडतो. मग आवाज चिरका किंवा घोगरा का होत नाही? कारण फोन स्वराचं एक अख्खं कंपन शोधून काढतो आणि तेच पुन्हा वाजवतो किंवा नेमकं तेच वगळतो. सूर तोच राहतो, फक्त पाच-दहा मिलिसेकंद वाढतात किंवा कमी होतात. स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या एका कंपनीने हे तंत्र कसाला लावलं. गूगलने २०१० साली ती कंपनी घेतली आणि पुढच्याच वर्षी तो कोड सर्वांसाठी खुला केला. तुमच्या ब्राउझरमध्ये तो बसलेला असण्याची दाट शक्यता आहे.

तरीही एखादा तुकडा आलाच नाही तर? तिथे शांतता ठेवली तर काय बिघडेल? बरंच बिघडेल, आणि याचं कारण फोनमध्ये नाही, आपल्या मेंदूत आहे. रिचर्ड वॉरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० साली एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी कापून काढला आणि त्या जागी खोकला भरला. ते वाक्य २० जणांना ऐकवलं आणि काही गाळलंय का असं विचारलं. १९ जण म्हणाले, काहीच नाही. विसाव्याने गाळलेला म्हणून भलताच ध्वनी दाखवला! मेंदूने तो ध्वनी स्वतःच भरून ऐकला होता. पण खोकल्याऐवजी तिथे कोरी जागा ठेवली तेव्हा मात्र ती ऐकणाऱ्यांच्या लक्षात आली. म्हणून फोन भोक उघडं ठेवत नाही. आधीच्या तुकड्यातलं कंपन पुन्हा पुन्हा लावून, हळूहळू मंद करत तो ते भोक बुजवतो. एक-दोन काप असे बुजले तर कळतही नाही. चार-पाच सलग गेले की तेच तेच कंपन घुमायला लागतं आणि माणूस रोबोसारखा बोलू लागतो. तो आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल.

शांततेची आणखी एक गंमत आहे. संभाषणात प्रत्येक जण साधारण निम्माच वेळ बोलतो, म्हणून उरलेल्या वेळात पॅकेटं पाठवायचं थांबवता येतं. पण मग पलीकडे इतकी ठार शांतता पसरते, की माणसाला वाटतं फोन कट झाला आणि "हॅलो? हॅलो?" सुरू होतं. यावर उपाय म्हणून ऐकणाराच फोन एक हलकी, कृत्रिम खरखर वाजवत राहतो. केवळ पलीकडे कोणीतरी आहे हे वाटत राहावं म्हणून!

तुकडे सांधता येतात, उशीर मात्र सांधता येत नाही. दहा भाषांतल्या गप्पा मोजणाऱ्या २००९ सालच्या एका अभ्यासात दिसलं, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद असतं. चित्र पाहून त्याचं नाव तोंडातून निघायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात, हे आठवा. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजायला लागलेलं असतं! या नाजूक ठेक्यात तारेने अर्धा सेकंद घुसवला तर दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, "बोल, बोल, तू बोल" होतं. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ साली विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झालं आणि भारताचा जगाशी उपग्रहामार्फत फोन जोडला गेला. पण तो उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचावर. नुसतं जायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना एका दिशेचा उशीर शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा म्हणते. आजीच्या पॅकेटाने ५० तर केबलमध्येच खर्च केलेत.

उशिराचा सर्वांत अन्याय्य परिणाम जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. लाइनमध्ये उशीर घातला की लोक लाइनला दोष देत नव्हते. पलीकडच्या माणसाचं लक्ष नाही, तो थंडपणे बोलतोय, असं त्यांना वाटत होतं. किती घरांत यामुळे उगाच मनं दुखावली गेली असतील!

आणि हा उशीर अनेकदा समुद्रात नसतो, घरातल्या राउटरमध्ये असतो. पॅकेट टाकून देणं वाईट या भावनेने उत्पादकांनी राउटरांत भरपूर मेमरी घातली. मग घरात कोणी लग्नाचे फोटो अपलोड करायला लागलं की त्यामागे आवाजाची पॅकेटं लांबलचक रांगेत ताटकळतात. एकही हरवत नाही आणि एकही वेळेत येत नाही. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली यावर उपाय सुचवला: पॅकेटं रांगेत सातत्याने ५ मिलिसेकंदांहून जास्त रेंगाळायला लागली की काही मुद्दाम टाकायला लागा. पाठवणारा सावध होतो, वेग कमी करतो आणि रांग ओसरते. कोहेन यांचा मुद्दा सुमारे चार दशकांनी पुन्हा खरा ठरला.

मॅच बघताना मात्र हे सगळं उलटं होतं. तिथे तुम्ही उत्तर देणार नसता, म्हणून ॲप खुशाल कित्येक सेकंदांचा साठा करतं आणि चित्र सहसा अडखळत नाही. त्याची किंमत म्हणजे केबल टीव्हीवाल्या शेजाऱ्याचा "आउट!" तुमच्याआधी येतो. चित्र-आवाजाच्या जुळणीतही एक लोभस विषमता आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की खटकू लागतो, पण मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. मैदानाच्या कडेवरून बॅट आधी दिसते आणि टोल्याचा आवाज मागून येतो. त्या क्रमाची आपल्याला जन्मापासून सवय आहे.

पण 'चांगला आवाज' मोजायचा कसा? मूळ उत्तर फार साधं आहे: माणसांना विचारा. शांत खोलीत बसवून वाक्यं ऐकवायची, प्रत्येकाने १ ते ५ गुण द्यायचे, सरासरी काढायची. जगभरातल्या फोनसेवांचा दर्जा आजही याच पट्टीवर बोलला जातो. पुढे मूळ आणि बिघडलेला आवाज ताडून माणसं किती गुण देतील याचा अंदाज करणारी प्रमाणित गणितंही आली. १९९८ सालच्या एका सूत्रात तर उशीर, गळती, प्रतिध्वनी या सगळ्यांचे दंड १०० पैकी गुणांतून वजा होतात, आणि सगळं उत्तम असतानाही मूळ हिशेब ९३.२ वरच थांबतो. पाच गुणांच्या पट्टीवर हा ४.४ होतो, कारण कितीही स्वच्छ आवाज ऐकवला तरी काही जण चारच देतात.

त्याच सूत्राच्या शेवटी एक पद अधिकचं आहे, आणि ते वाचून मी थक्क झाले. ते माणसाच्या समाधानाचं आहे. इमारतीत मोबाइलवर बोलणाऱ्याला थोडी खरखर चालते, म्हणून कमाल ५ गुण जास्त. धावत्या गाडीतून बोलणाऱ्याला १०. आणि जिथे एरवी फोनच लागत नाही अशा दुर्गम जागी उपग्रहावरून बोलणाऱ्याला तब्बल २०. उशीर आणि गळती मोजणाऱ्या अभियंत्यांनी आवाज पोचल्याचा आनंदही आकड्यात धरला आणि बेरजेत लिहून ठेवला.