विश्लेषण : जॉन गरांग यांच्यानंतर सुदानमधील शांतता का विस्कटली?

तब्बल २१ वर्षे सरकारशी लढलेला बंडखोर नेता देशाचा प्रथम उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि अवघ्या तीन आठवड्यांत हेलिकॉप्टर अपघातात गेला. ३० जुलै २००५ च्या त्या अपघाताचे पडसाद दक्षिण सुदानमध्ये आजही उमटतात.

गरांग कोण होते?

अमेरिकेत कृषी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले गरांग सुदानच्या लष्करात कर्नल होते. १९८३ मध्ये त्यांनी ‘सुदान पीपल्स लिबरेशन आर्मी’ उभारली. दक्षिणेला वेगळे करण्याऐवजी सर्वांना समान हक्क देणारा ‘नवा सुदान’ घडवण्याची भूमिका त्यांनी मांडली. या यादवीत सुमारे २० लाख लोकांचा बळी गेला.

करारात काय ठरले?

९ जानेवारी २००५ रोजी नैरोबीत सर्वंकष शांतता करार झाला. दक्षिणेला स्वायत्तता, तिथल्या तेलाच्या उत्पन्नात निम्मा वाटा आणि सहा वर्षांनी सार्वमत, अशी तरतूद होती. एकसंध सुदान आकर्षक वाटावा यासाठी दोन्ही बाजूंनी प्रयत्न करायचे होते.

त्यांच्या मृत्यूने काय बदलले?

खार्टुम आणि जुबात दंगली उसळल्या, पण करार मोडला नाही. दिशा मात्र बदलली. उत्तराधिकारी साल्वा कीर यांचा कल स्वातंत्र्याकडे होता. २०११ च्या सार्वमतात ९८.८३ टक्के मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली आणि ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान जन्माला आला. ‘नव्या सुदान’साठी लढलेले दक्षिण कोर्दोफान आणि ब्लू नाईलमधील सैनिक मात्र उत्तरेतच राहिले. तिथे त्याच वर्षी पुन्हा युद्ध पेटले.

वारशाची दुसरी बाजू कोणती?

गरांग यांनी सत्ता स्वतःच्या हाती ठेवली, अशी तक्रार खुद्द कीर यांनी २००४ मध्ये केली होती. त्याआधी १९९१ मध्ये रीक मशार फुटून निघाले. त्यानंतर गरांग यांच्या बोर भागात डिंका समाजाचे हत्याकांड झाले. मशार २००२ मध्ये परतले, पण ही जखम भरली नाही. डिंका समाजाचे कीर आणि नुएर समाजाचे मशार यांच्यातील वाद संघटनेत मिटवणारी यंत्रणाच नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये जुबात बंदुका धडाडल्या. त्याच आठवड्यात अकोबो येथील हल्ल्यात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील दोन भारतीय शांतिसैनिक शहीद झाले.

पुढे काय?

२०१५ चा करार वर्षभरात कोसळला. २०१८ च्या करारानुसार होणारी निवडणूक वारंवार लांबली. मार्च २०२५ मध्ये मशार नजरकैदेत गेले. गरांग यांचा चेहरा आजही दक्षिण सुदानच्या नोटांवर आहे. त्यांच्या शब्दाला असलेले वजन मात्र कुठल्याही संस्थेला मिळालेले नाही. शांतता एका माणसावर उभी राहिली, तर तो गेल्यावर ती कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर जुबाला अजून सापडलेले नाही.