फोन आपला, पण त्यातलं ॲप काढायचा हक्क कुणाचा? अपडेट, रूटिंग आणि नको असलेल्या ॲपची भानगड समजून घ्या

१ डिसेंबर २०२५ ला एक बातमी आली आणि सोशल मीडियावर गदारोळ उडाला. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीपासूनच असलं पाहिजे, असा आदेश केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना दिला होता. मुदत ९० दिवसांची. जे फोन तयार होऊन दुकानांत पोचले होते, त्यांत हे ॲप सॉफ्टवेअर अपडेटमधून पाठवायचं होतं.

हरवलेला फोन ब्लॉक करायला किंवा आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघायला हे ॲप उपयोगी पडतं. वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. नको असेल तर ते काढता येणार की नाही? सरकार म्हणालं, येईल. टीकाकारांनी आदेशातल्या शब्दांवर बोट ठेवलं. शेवटी ३ डिसेंबरला सरकारने ही सक्ती मागे घेतली.

ते प्रकरण तिथे मिटलं, पण मूळ प्रश्न तसाच आहे. नवा कोरा फोन सुरू केला की त्यात न मागितलेले गेम, बातम्यांची ॲप, दुसरं ब्राउझर, तिसरं ॲप स्टोअर असं बरंच काही दिसतं. यालाच ‘ब्लोटवेअर’ म्हणतात. यातली काही ॲप लगेच निघतात, काही मात्र कितीही दाबून धरली तरी हलत नाहीत. असं का होतं?

ॲप निघत का नाही?

भाड्याच्या घरात आपण नेलेलं कपाट कुठेही हलवता येतं, पण घरमालकाने भिंतीतच बसवलेलं कपाट काढता येत नाही. फोनचंही तसंच आहे.

फोनच्या स्टोरेजचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एका भागात तुमचे फोटो, मेसेज आणि तुम्ही टाकलेली ॲप असतात. दुसरा भाग सिस्टीमचा. त्यात अँड्रॉइड आणि कंपनीने कारखान्यातूनच बसवलेली ॲप असतात. हा भाग फक्त वाचता येतो, त्यात बदल करायची परवानगी वापरणाऱ्याला नसते. त्यामुळे तिथल्या ॲपपुढे ‘अनइन्स्टॉल’ऐवजी ‘डिसेबल’ असा पर्याय दिसतो. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० पासून ही सोय आहे. ॲप डिसेबल केलं की ते चालत नाही आणि दिसतही नाही, पण त्याने अडवलेली जागा बरीचशी तशीच राहते. काही ॲपना तर कंपनी डिसेबलचाही पर्याय देत नाही.

कंपन्या ही ॲप टाकतातच का?

सरळ उत्तर आहे, पैसा. स्वस्त फोन विकून फारसा नफा सुटत नाही. शाओमीने तर २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की, हार्डवेअरवर ५ टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. मग कमाई कुठून होते? जाहिराती, इंटरनेट सेवा आणि फोनमध्ये आपलं ॲप आधीच असावं म्हणून इतर कंपन्या मोजतात ती रक्कम, यांतून. फोन स्वस्त मिळतो, उरलेली किंमत अशी वसूल होते.

गूगलचं गणित आणखी मोठं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच टाकलेली गूगलची ॲप वापरणाऱ्याला काढू द्या, असंही आयोगाने सांगितलं. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ॲप काढू देण्याचा हा निर्देश रद्द केला. म्हणजे ‘काढता येणं हा हक्क आहे का’ या प्रश्नावर आपल्याकडच्या दोन संस्थांची उत्तरं वेगळी आली.

मग ‘रूट’ करणं म्हणजे नेमकं काय?

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. लिनक्समध्ये सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. फोन विकत घेणाऱ्याला हे अधिकार मिळत नाहीत. ते मिळवणं म्हणजे फोन रूट करणं. भाड्याच्या घराच्याच भाषेत सांगायचं तर, घरमालकाची किल्ली हातात घेणं.

याची सुरुवात मजेशीर आहे. २००८ मध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन आला, टी-मोबाइल जी-वन. त्यात एक विचित्र चूक राहिली होती. कीबोर्डवर टाइप केलेली प्रत्येक ओळ फोन मागच्या मागे रूटच्या अधिकाराने दिलेली आज्ञा म्हणूनही चालवायचा. कुणी चॅटमध्ये नुसतं ‘रीबूट’ लिहिलं, तरी फोन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा! गूगलने घाईने अपडेट काढून ही फट बुजवली. पण हौशी लोकांसाठी तीच फट म्हणजे फोनवर पूर्ण ताबा मिळवायचा दरवाजा होता. त्यामुळे काही जण अपडेट टाळू लागले, तर काहींनी मुद्दाम जुनं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं.

पुढे २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिक याने ‘सायनोजेनमॉड’ नावाची अँड्रॉइडची स्वतंत्र आवृत्ती सुरू केली. ती २०१६ च्या शेवटी बंद पडली आणि तिची जागा ‘लिनिएजओएस’ने घेतली. २०१६ मध्येच ‘मॅजिस्क’ हे साधन आलं. सिस्टीमच्या भागाला हात न लावता रूटचे अधिकार देणारं हे साधन रूटिंगच्या जगात सर्वात लोकप्रिय ठरलं.

रूट केल्यावर काय बिघडू शकतं?

रूट करण्याआधी सहसा ‘बूटलोडर’ अनलॉक करावा लागतो. फोन सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं, हे बूटलोडर ठरवतो. तो अनलॉक करताच सुरक्षेसाठी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. बॅकअप नसेल तर फोटो गेलेच म्हणून समजा.

सॅमसंगच्या फोनमध्ये ‘नॉक्स’ नावाची व्यवस्था आहे. परवानगी नसलेलं सॉफ्टवेअर टाकलं की चिपमधली एक नोंद कायमची बदलते. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ती नोंद मागे फिरत नाही आणि ‘सिक्युअर फोल्डर’सारख्या सोयी बंद होतात.

भारतात सर्वात जास्त झळ बसते ती पैशांच्या व्यवहारांना. बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप फोन रूट आहे का ते तपासतात आणि तसं आढळलं तर उघडतच नाहीत. वडापावच्या गाडीवरही क्यूआर कोड लागलेला असताना ही अडचण छोटी नाही.

बँकांच्या या काळजीला कारण आहे. एका ॲपची माहिती दुसऱ्या ॲपला दिसू नये म्हणून अँड्रॉइडने मध्ये भिंती घातल्या आहेत. रूटचे अधिकार चुकीच्या ॲपच्या हाती पडले तर या भिंती कामाच्या राहत नाहीत. ‘एका क्लिकमध्ये रूट’ करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी ॲपपासून म्हणूनच लांब राहिलेलं बरं.

शिवाय कंपनीकडून येणारे अपडेट बदललेल्या फोनवर अनेकदा नीट बसत नाहीत. प्रत्येक वेळी खटाटोप करावा लागतो आणि हळूहळू अपडेट करायचंच राहून जातं.

अपडेट राहिलं तर एवढं काय बिघडतं?

२०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघड झाला. खास बनवलेला एक एमएमएस पाठवून, समोरच्याने तो उघडलाही नाही तरी फोनमध्ये घुसखोरी करणं त्यामुळे शक्य होतं. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा पॅच जाहीर करायला सुरुवात केली.

पण गूगलने जाहीर केलेला पॅच लगेच प्रत्येक फोनवर येत नाही. चिप बनवणारी कंपनी, मग फोन बनवणारी कंपनी असा तो प्रवास असतो. हा वेळ कमी व्हावा म्हणून २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आलं. त्याने चिपशी संबंधित भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले. आता गूगल पिक्सेल ८ आणि सॅमसंग गॅलेक्सी एस २४ पासून या मालिकांना ७ वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. स्वस्त फोनना मात्र बहुतेकदा याहून बरीच कमी वर्षं मिळतात.

अर्थात, अपडेट करणाऱ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. २०१६ मध्ये ‘क्रिप्टोवायर’ या सुरक्षा कंपनीला आढळलं की, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्लू कंपनीच्या एका स्वस्त फोनमधून लोकांचे मेसेज आणि कॉलची यादी चीनमधल्या सर्व्हरवर जात होती. हे करणारं सॉफ्टवेअर होतं ‘ॲडअप्स’ आणि त्याचं मूळ काम होतं फोन अपडेट करणं! ते कारखान्यातूनच टाकलेलं होतं आणि सामान्य माणसाला ते काढताही येत नव्हतं.

मग सामान्य माणसाने करायचं काय?

• जे निघतं ते अनइन्स्टॉल करा. जे निघत नाही ते डिसेबल करा. डिसेबलही होत नसेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याच्या लोकेशन, माइक, कॉन्टॅक्ट्स अशा परवानग्या आणि नोटिफिकेशन बंद करा.

• मोठं अपडेट आल्यावर ॲपची यादी पुन्हा एकदा बघा. कधीकधी नवी ॲप येतात किंवा बंद केलेली परत सुरू होतात.

• थोडी तांत्रिक माहिती असेल तर फोन कॉम्प्युटरला जोडून ‘एडीबी’ या गूगलच्याच साधनाने अनेक ॲप तुमच्या खात्यापुरती काढता येतात. त्याला रूट लागत नाही. ॲपची मूळ प्रत सिस्टीममध्ये राहते, त्यामुळे फॅक्टरी रीसेट केल्यावर ती परत येते. मात्र ॲप नेमकं कशाचं आहे हे कळल्याशिवाय काढू नका. एखादं महत्त्वाचं ॲप गेलं तर फोन सुरूच होणार नाही.

• सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख बघा. ती खूप जुनी असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार टाळा.

• रूट करून बघायची हौस असेलच तर घरात पडून असलेला जुना फोन घ्या. ज्यावर बँक आणि ओटीपी येतात, त्या फोनवर प्रयोग नको.

• नवा फोन घेताना कॅमेरा आणि रॅमसोबत आणखी दोन प्रश्न दुकानदाराला विचारा. अपडेट किती वर्षं मिळणार? आणि आधीपासून टाकलेली कोणती ॲप काढता येणार?

हे दोन प्रश्न गिऱ्हाईक विचारायला लागलं की त्यांची उत्तरं खोक्यावर छापणं कंपन्यांनाही भाग पडेल.