राइडच्या आधी शुगर बघितली का?

मे महिन्यात आपल्या संभाजीनगरात पारा चाळिशी पार करतो आणि घरोघरी वॉटर पार्कचे प्लॅन शिजायला लागतात. गाडीत चार कझिन्स कोंबायचे आणि त्यांचा कॅप्टन कोण, तर कॉलेजातला दादा नाहीतर ताई, म्हणजे तुम्हीच! आता समजा, त्या चौघांतल्या एकीला टाइप-१ डायबेटिस आहे. ‘तिला कशाला त्रास, राहील आजीजवळ’ असं म्हणून मोकळे व्हाल?

तसं करू नका. तिला न्या, फक्त तयारीनं न्या.

हा डायबेटिस गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून ते रोज बाहेरून घ्यावं लागतं. १९२२ मध्ये टोरंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात. आपल्याच शहरातली ‘उडान’ ही संस्था या मुलांसाठी काम करते.

मग पार्कात अडचण काय? दिवसभराच्या पळापळीनं आणि पोहण्यानं शुगर झपाट्यानं उतरते. ती ७० च्या खाली गेली की थरथर, घाम, चिडचिड सुरू होते. पण भिजलेल्या अंगावर घाम दिसत नाही आणि राइडच्या आरडाओरड्यात चिडचिड कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी आणि मधूनमधून ग्लुकोमीटर काढायचाच. किती वेळानं तपासायचं, डोस बदलायचा का, हे आदल्या दिवशी तिच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

शुगर उतरलीच, तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, लहानग्यांना थोडं कमी. १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका. थेट बर्फावरही ठेवू नका, गोठलं की ते वाया गेलं.

आता खरी गोची गेटवर. बऱ्याच पार्कांत बाहेरचं खाणं चालत नाही. बॅग तपासणाऱ्याला ग्लुकोजचा डबा म्हणजे नुसता खाऊ वाटतो. गंमत बघा, सीबीएसईनं २०१७ मध्येच डायबेटिस असलेल्या मुलांना बोर्डाच्या पेपरला शुगरच्या गोळ्या, फळं, सँडविच न्यायला परवानगी दिली. परीक्षेच्या हॉलमध्ये चालतं, ते मजा करायच्या ठिकाणी का चालू नये? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत, पण टाइप-१ डायबेटिस नाही. त्यामुळे या मुलांकडे दाखवायला दिव्यांगत्वाचं कार्डही नसतं.

तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आदल्या दिवशी पार्कला फोन करा, ‘औषध आणि ग्लुकोज आत नेणार आहोत’ असं स्पष्ट सांगा. फर्स्ट एड रूम कुठे आहे, तेही विचारा. हे काम आई-बाबांवर ढकलू नका. फोन करायला तुम्हाला पाच मिनिटं लागतील.

आणि तासभर रांगेत उभं राहून नंबर आला, नेमकं तेव्हाच ती म्हणाली, ‘दादा, कसंतरी होतंय’, तर रांग सोडा. राइड पुन्हा मिळेल.