अतिदक्षता विभाग कोणासाठी?

“डॉक्टर, पैशाची काळजी करू नका, पण आबांना आयसीयूतच ठेवा.” हा आग्रह मी नेहमी ऐकतो. त्यामागची माया खरी असते. परंतु हा विभाग आहे सावरू शकणाऱ्या रुग्णासाठी.

मण्यार चावलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. प्रतिविषासोबत वेळीच व्हेंटिलेटर मिळाला तर काही दिवसांत विषाचा अंमल ओसरतो व तो पायी घरी जातो. याउलट, अंगभर पसरलेल्या कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत यंत्र श्वास देते, रोग तसाच राहतो. घशात नळी, त्यामुळे बोलणे बंद. घरची माणसे काचेबाहेर! अशा वेळी साध्या खोलीत वेदना शमवणारी औषधे देणे हाही उपचारच होय.

जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाचा किंवा नातेवाइकांचा नकार असल्यास अतिदक्षता विभागात भरती करू नये. हे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

तेथील डॉक्टरांना न संकोचता विचारावे: कोणता अवयव निकामी झाला आहे? तो सुधारण्याची आशा किती? दोन-तीन दिवसांनी हेच प्रश्न पुन्हा विचारावेत.